तेरावा शब्द

१

हुबेर्तिनो बेर्नाबेला तहानेनं मेला. डॉक्टरांच्या कागदावर साखर, उष्णता, हृदय असं पुष्कळ लिहिलंय, पण मी ती खोली पाहिली आहे, मला कागद दाखवू नका. चौऱ्याहत्तर वर्षांचा आंधळा माणूस. त्याला त्याच्याच खुर्चीत, त्याच्याच पायाच्या बँडेजपट्ट्यांनी बांधलं. पंखा बंद केला, खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कुंडीखाली ठेवली. पाण्याचं मडकं खुर्चीपासून चार हातांवर होतं. सोतो गावात सप्टेंबरच्या दुपारी पत्र्याखाली काय होतं, हे आमच्या कुरासावच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला त्याची भाची स्विंडा कामावरून आली. तिनं कुंडीखालची किल्ली काढली आणि दार उघडलं. बुधवारी पोलिसांनी तिलाच धरलं. ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्सबाईच्या हाताखाली काम करते. बँडेज नीट बांधलेलं, किल्लीची जागा तिला ठाऊक, घर तिच्या नावावर होणार. एवढं मिळाल्यावर आमचे पोलीस पुढे डोकं चालवत नाहीत. एकतीस वर्षं मी त्यांच्यातच काढली, गुडघे गेले तेव्हा सुटले. आता कुणी पैसे दिले तर चौकशा करते, नाही दिले तर ओसरीवर बसून शेजाऱ्यांना शिव्या देते.

गुरुवारी सकाळी मी पास्तेची, म्हणजे आमच्या खिम्याच्या करंज्या, तळत होते, तेवढ्यात गिल्मार होईचा फोन आला.

"शोन ओडिल, पेपर वाचलात? सोतोचा तो म्हातारा?" आमच्याकडे वडीलधाऱ्यांना मानानं शोन म्हणतात.

"वाचला. भाचीनं मारला म्हणतात."

"तो आमचा ग्राहक होता," गिल्मार म्हणाला. "सोमवारीच आम्ही त्याला आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम दिली."

माझी पास्तेची करपली.

२

गिल्मारची कंपनी 'ब्लेंची'. सालिन्याच्या रस्त्यावर दाताच्या दवाखान्याच्या वर चार खोल्या, आणि तिथून जगभरचे लोक फोनवर जुगार खेळतात. पैसा क्रिप्टोचा, खेळणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. टोपणनाव घ्या आणि खेळा. एक अट मात्र परवान्यातच आहे. आपल्या बेटावर राहणाऱ्या माणसानं खेळायचं नाही. आम्ही जगाला लुटावं, पण घरात नको, असा सरळ हिशेब.

"नाव विचारणं म्हणजे माणसाच्या खिशात हात घालणं," त्याच दुपारी मी तिथं गेले तेव्हा गिल्मार मला म्हणाला. पंचेचाळिशीचा, गुळगुळीत, अत्तरात बुडवून काढलेला. "माझ्याकडे न्यायाधीश खेळतात, पाद्री खेळतात. त्यांची तोंडं मी कधी बघत नाही. बघायची इच्छाही नाही."

"म्हणूनच चोरही खेळतात," दारातून आवाज आला. ती मिनेर्वा सिंचे, ओळख तपासणारी बाई. पन्नाशीची, इस्त्रीचा पांढरा ब्लाउज, केस ओढून बांधलेले. "मी नसते तर ह्यांचा परवाना कधीच गेला असता. रक्कम मोठी झाली की ग्राहक माझ्याकडे येतो. पासपोर्ट दाखव, राहत्या घराचं बिल दाखव, आणि हातात आजची तारीख लिहिलेला कागद धरून फोटो पाठव. मग पैसे."

"हिच्यामुळे अर्धे ग्राहक पळतात," गिल्मार म्हणाला. "परवा एकाला परत पाठवला. का, तर पासपोर्टच्या कोपऱ्यावर अंगठा आला होता!"

"कोपऱ्यावर अंगठा आला की खालचा आकडा दिसत नाही," मिनेर्वा शांतपणे म्हणाली. तिनं टेबलावरचा पत्र्याचा डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला. पेपरमिंट. "घ्या. माझ्या टेबलाशी येणारा प्रत्येक जण घेतो. हे साहेब दिवसाला दहा खातात."

मी घेतली. गिल्मारनं दोन उचलल्या.

मग त्यांनी मला फाईल दाखवली. खेळाडूचं टोपणनाव 'चुचुबी'. खरं नाव बेर्नाबेला, डच पासपोर्ट, बिल रॉटरडॅमच्या घराचं. आणि फोटो. सगळ्या सोतोचा तिओ तिनो, म्हणजे तिनोमामा, स्वच्छ शर्ट घालून, भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी छातीशी कागद धरून बसलेला. फोटोसाठी हसतात तसा हसत होता. कागदावर काय लिहिलंय ते वाचायला मी फोटो हातात गोल फिरवला, मग तारीख दिसली. मागे खिडकी, आणि खिडकीबाहेर निवडुंगाचं कुंपण.

"ही फाईल कुणी कुणी पाहिली?"

"मी," मिनेर्वा म्हणाली.

"आणि मला उघडता येते," गिल्मार म्हणाला. "पण मी उघडत नाही. सांगितलं ना, तोंडं बघत नाही."

"मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

"बोटीवर. एकटा." त्यानं माझी नजर चुकवली. "शोन ओडिल, सोमवारी परवान्याचे लोक येणार आहेत. नाव आमच्याकडून फुटलं असेल तर मी संपलो. भाचीनंच मारलं असेल तर मला आनंद आहे. तेवढं नक्की करून द्या."

असं बोलला नालायक. आनंद आहे म्हणे!

"पण त्याला मारून मिळणार काय?" मी विचारलं. "पैसे तर फोनात."

"पैशाची किल्ली असते," मिनेर्वा म्हणाली. "बारा शब्द. इंग्रजी, ठरलेल्या यादीतले. ते बारा शब्द ओळीनं ज्याला माहीत, पैसे त्याचे. नाव नको, सही नको, काही नको."

३

स्विंडा मला पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत भेटली. बत्तीस वर्षांची, हाडकुळी, डोळे कोरडे. रडून कोरडे झालेत की रडलेच नाहीत, ते मला तेव्हा कळलं नाही.

"तू मारलंस?"

"नाही."

"मग गप्प का बसली आहेस? जन्मठेप होईल गं बये. इथली कोठडी पाहिलीस, पुढचा तुरुंग पाहिलेला नाहीस. मी पाहिलाय."

ती नखं कुरतडत राहिली. मी तिच्यापुढे फोटोची प्रत ठेवली. तिचा हात थांबला.

"चुचुबी तू," मी म्हणाले. "तो काय खेळणार? त्याला फोन दिसत नव्हता."

"बेटावरच्यांना देत नाहीत ना पैसे," ती म्हणाली. "माझं सगळं इथलंच. तिओची कागदपत्रं बरी होती. पासपोर्ट होता, रॉटरडॅमला माझा भाऊ त्याच्या नावावरच्या जुन्या घरात राहतो, त्याचं बिल मागवलं. फोटो तेवढा हवा होता."

"आणि त्याला काय सांगितलंस?"

आता तिचा आवाज चिरकला. "हयातीचा दाखला."

मला पुढचं सांगायची गरजच नव्हती. तिओ तिनोनं रॉटरडॅमच्या गोदीत सत्तावीस वर्षं पोती उचलली, त्याची पेन्शन तिकडून येते. दर सप्टेंबरला तिकडे कळवायचं की म्हातारा जिवंत आहे. सोतोत असे पन्नास जण असतील. पोरं येतात, सही घेतात, फोटो काढतात, म्हातारे निमूट बसतात. न बसून काय करतील? पेन्शन थांबली तर खायचं काय?

"हातात कागद दिला," स्विंडा म्हणाली, "म्हटलं, तिओ, घट्ट धर आणि हस. तो म्हणाला, पोरी, अजून जिवंत आहे का मी, नीट बघून सांग त्यांना."

"बारा शब्द त्याला माहीत होते?"

"नाही. मला पाठ आहेत. कुठे लिहिलेलेच नाहीत."

"मग आश्रमातल्या कुणाला बोललीस? भावाला?"

"कुणालाच नाही. तिओलाही नाही. शपथ."

म्हणजे ह्या जगात पैशांशी तिओ तिनोचं नाव जोडलेलं होतं ते फक्त त्या फाईलमध्ये. आणि फाईल उघडता येणारे दोघंच.

"हे पोलिसांना सांग," मी म्हणाले. "खेळलीस म्हणून पैसे जातील, पण सुटशील."

"पैसे जातील ना," ती म्हणाली, आणि मान खाली घातली. मला तिची दया आली. खरंच आली, आणि त्याचा राग मला आजही येतो.

४

शुक्रवारी मी सोतोला गेले. खोली होती तशीच ठेवलेली होती. मी त्याच खुर्चीत बसले, गुडघ्यांनी बोंब मारली तरी. कुंपणापलीकडून एक डोकं वर आलं.

"तिथं बसू नका, शोन ओडिल. अपशकुन होतो."

ती फिचा, शेजारीण, सत्तरीची, हातात ओले कपडे. तिला आत बोलावलं. येईना. मग मीच कुंपणाशी गेले.

"मंगळवारी दुपारी इथंच होतीस?"

"कपडे वाळत घालत होते."

"काही ऐकलंस?"

फिचानं क्रूस केला आणि एकदम रडायला लागली. मी थांबले. बाई अशी रडते तेव्हा तिच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

"मला वाटलं तो आकडे सांगतोय," ती म्हणाली. "तुम्हाला माहितेय ना, स्वप्नात काय दिसलं त्यावरून आकडा लावतो आपण. बकरी दिसली तर एक आकडा, दार दिसलं तर दुसरा. तिओ तिनोची स्वप्नं खरी व्हायची. मंगळवारी दुपारी तो मोठ्यांदा एकेक शब्द सांगत होता. फोनवर ओरडतो ना, तसा. मला वाटलं कुणाला तरी स्वप्न सांगतोय. मी कपडे टाकले, पेन्सिल आणली आणि लिहून घेतलं."

"आणि?"

"आणि आकडे लावले," फिचा म्हणाली. "सगळे."

तिनं पदरासारख्या खोचलेल्या ॲप्रनमधून कागद काढला. वाकडंतिकडं अक्षर. काठी. रेडिओ. खाट. जपमाळ. पंखा. खिडकी. निवडुंग. बकरी. मडकं. मीठ. दार. पेपरमिंट. पाणी.

मी मोजले. तेरा.

"बारा सांगायला हवे होते," मी स्वतःशीच म्हणाले.

"शेवटचा शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत होता," फिचा म्हणाली. "पाणी, पाणी. हळूहळू आवाज बारीक झाला. मला वाटलं हाच आकडा जोराचा आहे. म्हणून त्याच्यावर दुप्पट लावले." तिनं तोंडावर हात ठेवला. "लागला हो तो. बुधवारी लागला."

मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. कागद घेऊन पुन्हा खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. हाताला काठी लागली. तिच्यापुढे रेडिओ. मग खाट, खाटेवर जपमाळ. पंखा. खिडकी, बाहेर निवडुंग, कुंपणापलीकडे बकरी ओरडत होती. मडकं, फळीवर मीठ, दार. बिचाऱ्याला कुणीतरी बारा शब्द मागितले, त्याला एकही माहीत नव्हता, म्हणून त्यानं बसल्या जागी स्वतःचं घर सांगितलं, ओळीनं, गोल. दारापर्यंत अकरा झाले.

बारावा पेपरमिंट. मी उठले आणि सगळी फडताळं उघडली. पीठ, मीठ, वाळवलेले मासे, इन्सुलिन. साखरेचा कण नव्हता त्या घरात. गोळी-बिस्कीट काही नाही. भाची नर्सबाईच्या हाताखालची, ती आणू देणारही नाही.

दारानंतर, खुर्चीच्या बरोबर समोर, आणखी काहीतरी उभं होतं. त्याला दिसलं नाही, पण वास आला. आणि माझ्या तोंडात कालची चव परत आली.

५

शनिवारी सकाळी मी सालिन्याला गेले. गिल्मार कुणालातरी फोनवर समजावत होता की ग्राहकाचा विश्वास हीच आमची पुंजी. मिनेर्वा टेबलाशी. मी डब्यातली पेपरमिंट न विचारता उचलली आणि खुर्ची ओढली.

"मारणारा तुमच्यापैकी एक," मी म्हणाले. "म्हाताऱ्यानं पेपरमिंटचा वास घेतला होता."

गिल्मारनं फोन खाली ठेवला. चेहरा पिठासारखा. "मी... मी खातो. पण शोन ओडिल, सगळेच खातात!"

"तू खातोस, ती खाते. म्हणून मी रात्रभर तुला लटकवायचा विचार करत होते. तू बोटीवर एकटा, परवाना गळ्याशी आलेला, वर तुझा तोरा. पण फोटोनं तुला वाचवलं. दाखव तो फोटो."

त्यानं काढला. मी तो टेबलावर मिनेर्वापुढे ठेवला.

"कागद वाच," मी तिला म्हणाले.

तिनं फोटोला हात लावला नाही. तिला लावायची गरजच नव्हती.

"वाचायचा तर फोटो उलटा करावा लागतो," मी गिल्मारला म्हणाले. "म्हाताऱ्यानं कागद उलटा धरलाय. आंधळ्याच्या हातात दिला, त्यानं धरला, पोरीनं घाईत फोटो काढला, तिच्याही लक्षात आलं नाही. पण ही? अंगठा कोपऱ्यावर आला म्हणून माणसं परत पाठवणारी? आणि मागे निवडुंगाचं कुंपण, रॉटरडॅमला कुठून आलं ते? बेटावरचा माणूस आहे हे तिला पहिल्या नजरेत कळायला हवं होतं. तिथंच अर्ज फेकायचा. किती वेळात मंजूर केलास, मिनेर्वा?"

गिल्मारनं पडद्यावर पाहिलं. "एकवीस मिनिटं," तो पुटपुटला. "हिला एरवी तीन दिवस लागतात."

"तू चोर असतास," मी त्याला म्हणाले, "तर हिनं अर्ज नाकारला असता आणि लुटायला पैसेच गेले नसते. पैसे जाऊ दिले ते हिनं. उलट्या कागदावरून आणि कुंपणावरून हिला दोन गोष्टी कळल्या. माणूस इथला आहे, आणि आंधळा आहे. नाव हातात, आंधळा बेर्नाबेला कुठला ते ह्या एवढ्याशा बेटावर कुणीही सांगतं, सोतो अर्ध्या तासावर, तिथं कुणालाही विचारा, घर दाखवतात, कुंडीखाली किल्ली प्रत्येकाच्याच दारात. तोंड झाकायचीसुद्धा गरज नव्हती."

मिनेर्वानं डब्याचं झाकण लावलं. नीट, दाबून.

"अठरा वर्षं," ती म्हणाली. "अठरा वर्षं मी लोकांची तोंडं बघून खरं-खोटं ठरवते. हा माणूस नाव न विचारता कोट्यधीश झाला, आणि नावं विचारणारी मी अजून भाड्याच्या घरात. मला वाटलं, एकदाच."

"त्यानं तुला सांगितलं ना, माहीत नाही म्हणून?"

"सगळेच सांगतात. सगळे खोटं बोलतात, माझं कामच आहे ते ओळखणं." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्याचं खरं होतं. आणि मला ते खोटं वाटलं. बारा शब्द म्हटल्यावर तो बकरी, मीठ, दार असं आपल्या भाषेत सांगायला लागला. मला वाटलं थट्टा करतोय."

"म्हणून खिडकी लावलीस?"

"शेजारची बाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. आणि पंखा... म्हटलं, थोडा घाम फुटू दे." तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण मी त्याला मरायला सोडून गेले नव्हते, शोन ओडिल. मला वाटलं होतं, दहा-पंधरा मिनिटांत ती धावत येईल."

"कोण ती?"

मिनेर्वा हसली. इतकं वाईट हसू मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"शब्द तो मला नव्हता सांगत," ती म्हणाली. "आंधळ्याचा फोन दुसरं कुणीतरी चालवत असणार, म्हणून मी त्याच्याकडून भाचीचा नंबर घेऊन फिरवला, फोन त्याच्या कानाशी धरला. तिला ऐकू जाईल असं मी बोलले. शब्द सांग, नाहीतर हा असाच राहील. तो म्हणाला, स्विंडा, ह्या बाईला बारा शब्द हवेत, पोरी, मला कुठले बारा शब्द येतात? ती काही बोलली नाही. फोन ठेवलाही नाही. श्वास येत होता तिचा. मग म्हाताराच बोलायला लागला. चार मिनिटं. पाणी म्हणाला तेव्हा तिनं फोन ठेवला."

फोनवर ओरडतो ना, तसा. फिचानं मला सांगितलं होतं आणि मी ते कानाआड केलं होतं.

६

मिनेर्वाला नेलं. फोनची नोंद निघाली, बारा वाजून दहा मिनिटं, चार मिनिटं अठरा सेकंद. माझ्या जुन्या साहेबानं ती पाहिली आणि माझ्यासमोर सरकवली.

"ह्या भाचीला कशात धरू, ओडिल? ऐकत राहणं हा कुठला गुन्हा?"

स्विंडा सुटली. खेळली ती, पण फाईलमध्ये नाव मेलेल्याचं. पैसे परत घ्यायचे तर बारा शब्द हवेत, ते तिच्या डोक्यात, आणि डोकं उघडून बघायचा कायदा अजून झालेला नाही. गिल्मारचा परवाना राहिला. त्यानं पुढच्याच आठवड्यात जाहिरात दिली, आता तुमचा चेहरा कुठलाही माणूस बघणार नाही, फक्त यंत्र बघेल. माझी फी त्यानं वेळेवर दिली.

आठ दिवसांच्या प्रार्थनेला मी सोतोला गेले. शेवटच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कॉफी, पाव, चीज, रम, सगळं फिचानं आणलं होतं. पाण्याच्या आकड्याचे पैसे तिनं एकाच दिवशी संपवले आणि स्वतः एक घोटही घेतला नाही. बाया जपमाळ म्हणत होत्या. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर मेणबत्त्या, फुलं आणि मध्ये तिओ तिनोचा फोटो, हसणारा. तोच फोटो. दुसरा अलीकडचा नव्हता म्हणे. छातीखालचा भाग कापला होता, पण खालच्या कडेला दोन्ही अंगठ्यांची टोकं राहिली होती.

स्विंडा स्वयंपाकघरात होती. मी दार लोटून घेतलं.

"चार मिनिटं," मी म्हणाले.

ती वळली नाही. "मला वाटलं, ती बाई कंटाळून जाईल. आंधळ्या म्हाताऱ्याला कोण काय करतं?"

"आणि मग सहा तास?"

"ड्यूटी होती."

"ड्यूटी!" माझा आवाज बाहेर गेला असावा, जपमाळ क्षणभर थांबली. "अगं, शेजारणीला एक फोन केला असतास. पोलिसांना. नाव न सांगता केला असतास!"

"केला असता तर विचारलं असतं, तुला कसं कळलं," ती म्हणाली. "मग सगळंच सांगावं लागलं असतं. शोन ओडिल, मी नऊ वर्षं म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतेय. एकदाच काही लागलं मला. बारा शब्द, बस. मी मनात सारखे तेच म्हणत होते, विसरू नये म्हणून. तो तिकडे बोलत होता आणि मी इकडे माझे म्हणत होते."

"त्यानं तुला पेपरमिंट सांगितलं. कोण आहे ते सांगत होता तुला. चौकीत माझ्यासमोर बसलीस तेव्हाही बोलली नाहीस."

"ऐकलं मी."

"आणि शेवटचा?"

तिनं पेला घेतला आणि मडक्यातून भरला. आमच्यात आठव्या दिवसापर्यंत मेलेल्याच्या फोटोपुढे भरलेला पेला ठेवतात, वाटेत तहान लागते म्हणून. काठोकाठ भरला, एक थेंब सांडू दिला नाही.

"पाणी," ती म्हणाली, आणि पेला घेऊन फोटोकडे गेली.